ऐन तरफाची उमेदवारी

ऐन तरफा, १३ फेब्रुवारी १९९७

नझीहा,

ईद होऊन चार दिवस झाले. तू उचलणार नाहीस हे माहीत असूनही मी पोस्टात जाऊन तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा वाजून वाजून बंद झाला तेव्हा पोस्टमास्तर मुनीर म्हणाला, "मास्तर, आज रोममध्ये सुट्टी असेल हो." भला माणूस. रोममध्ये ईदची सुट्टी नसते हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

बातमी तुला माझ्याआधी कळली असणारच. एकोणीस देशांनी मिळून काढलेली तुमची मरूद्यान संघटना, जिच्या तात्पुरत्या कचेरीत बसून तू टिपणं लिहितेस, तिला आता कायमचं घर हवंय. शेवटच्या यादीत तीन गावं आहेत. एक ओमानचं, एक दक्षिण मोरोक्कोचं आणि तिसरं आपलं ऐन तरफा. चार मशिदी, दोन चहाची दुकानं आणि एक आंतरराष्ट्रीय मुख्यालय. हसू नकोस.

आखातातल्या एका सरकारने पहिल्या पाच वर्षांचा खर्च उचलायचं कबूल केलंय. यजमान गावाने इमारत द्यायची, वीस वर्षं बिनभाड्याची, आणि दरवर्षी थोडी वर्गणी. इमारत म्हणजे आपली मुलांची शाळा, जिथे मी एकतीस वर्षं खडू झिजवले. मुलंच उरली नाहीत, तेव्हा शाळा रिकामीच आहे. राहिली वर्गणी. रोख पैसा गावात कुणाकडे आहे? म्हणून ठरलं की प्रत्येक बागेतलं एक झाड मुख्यालयाच्या नावाने सोडायचं. माझ्या आजोबांच्या वेळी मशिदीतल्या दिव्याच्या तेलासाठी झाड सोडायचे ना, तसं. त्या झाडाच्या खजुराचे जे दिनार येतील ते संघटनेचे. आपल्या बागेशेजारची झोहरा मावशी, सतरा झाडांवर संसार ओढणारी विधवा बाई, तिने सगळ्यात गोड झाड सोडलं. मी म्हटलं, "अगं, एखादं म्हातारं झाड सोडायचंस." तर माझ्यावरच खेकसली, "पाहुणा दारात येणार, त्याला काय किडके खजूर घालू?"

पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष म्हणून, गावं पाहायला येणाऱ्या समितीसमोर बोलायचं काम माझ्यावर आलंय. आता खरं सांगतो. मुख्यालय गावात आलं तर रस्ते होतील, नळ येतील, असं सगळे म्हणतात, आणि मीही भाषणात तेच म्हणतो. पण माझ्या मनात एकच आहे. कचेरी इथे आली की कचेरीतली माणसंही येतील. तुला यावंच लागेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. रोज सकाळी दारावरून जाशील एवढं मला पुरे.

तुझ्या आईच्या शेवटच्या आजाराबद्दल जे सांगायचं ते मी त्याच वेळी सांगितलंय. तिनेच मला मना केलं होतं. "पोरीला बोलावू नका, तिचं काम बिघडेल," असं ती म्हणाली. तिच्या शब्दावर रागावता येत नाही म्हणून तू तीन वर्षं माझ्यावर रागावली आहेस. असू दे.

तुझे बाबा


ऐन तरफा, ३० मार्च १९९७

नझीहा,

तुझं कार्ड आलं. वर ना सलाम, खाली ना सही. एकच ओळ: "बाबा, समिती येईल तेव्हा त्यांना पश्चिमेकडची बाग दाखवा."

तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'ब' अजून डावीकडे झुकवतेस, लहानपणी त्यावरून मार खाल्लास तरी सुधारली नाहीस. कार्ड मी दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. दुपारी झाडांवर परागण चालू होतं. हम्मा पाटकरी शिडीवरून ओरडला, "मास्तर, आज खिशाला काय सोन्याची अंडी लागलीत, सारखा हात तिथे?" मी त्याला दाखवलं नाही.

पण तुझा सल्ला मात्र मी नगरपालिकेच्या बैठकीत मांडला. तुझं नाव घेतलं नाही. मुख्य झरा आटून सहा वर्षं झाली, आता सगळी भिस्त खोल बोअरवर आहे, पूर्वी आठवड्याने येणारी पाण्याची पाळी बावीस दिवसांवर गेलीय, पश्चिमेची निम्मी झाडं शेंडा गळून उभी आहेत. हे काही मला नवीन नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, की समितीला तेही दाखवावं का?

नगराध्यक्ष लझहर माझ्याकडे बघतच राहिला. माझाच विद्यार्थी, दोनदा नापास झालेला. म्हणाला, "मास्तर, पाहुणा आला की त्याला बैठकीत बसवतात का उकिरड्यावर नेतात?"

हम्मा म्हणाला, "उकिरड्यावर निदान काहीतरी उगवतं. तिकडे तेही नाही."

"तू गप रे. मास्तर, तुम्हीच सांगा. मुलगी बघायला आले तर तिचा ताप सांगाल का आधी?"

सगळे हसले. मीही हसलो. पोरी, तू विसरली असशील, पण आपल्याकडे कुणी "कसं काय, बरं आहे ना?" म्हटलं की "बरंय, अल्लाची कृपा" एवढंच उत्तर असतं. घरात प्रेत असलं तरी माणूस आधी "बरंय" म्हणतो आणि मग सांगतो. मंत्री येणार म्हटलं की आपण झाडांचे बुंधे चुन्याने रंगवतो. समिती म्हणजे एकोणीस देश एका गाडीत. त्यांच्यापुढे रडगाणं गायचं?

तेव्हा तुझा सल्ला नामंजूर झाला. एकमताने. हात वर करणाऱ्यांत मीही होतो हे लपवत नाही.

शाळेतली पूर्वेकडची खोली मी तुझ्यासाठी मनात धरून ठेवलीय. दुपारचं ऊन येत नाही तिथे.

बाबा


ऐन तरफा, २४ मे १९९७

नझीहा,

समिती येऊन गेली. सगळं नीट पार पडलं.

पाच जण होते. अध्यक्ष मॉरिटानियाच्या बाई, लाल्ला ऐशतू, माझ्याच वयाच्या. त्यांच्या गावाला वाळूने गिळलं म्हणे, म्हणून या कामात पडल्या. मुक्काम दोन दिवसांचा. गाव तू ओळखलं नसतंस. शाळेला रंग, रस्त्यावर सडा, पाट काठोकाठ भरलेले. पूर्व बागेतून चालताना पाण्याचा आवाज येत होता. समितीतले एक गृहस्थ वाकून पाटात हात घालून बघत होते.

हे पाणी कुठून आलं विचारशील. बारा बागांची पाळी आम्ही तीन आठवडे बंद ठेवली आणि ते पाणी पूर्वेला वळवलं. पाळी मोडायची तर अध्यक्षाची सही लागते. मी केली. बारांत झोहरा मावशीची बाग होती, आणि आपलीही. तिचं डाळिंब ऐन फुलावर होतं. हम्मा तिच्या पाटाचं दार बंद करायला गेला तर फावडं घेऊन पाटात उभी राहिली. मला बोलावणं आलं. मला म्हणते कशी, "तायेब, गावात कुणाचं तरी लग्न आहे म्हणून माझ्या तोंडचं पाणी काढता होय?" मी म्हटलं, "मावशी, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. मुख्यालय आलं की पंपच नवा येणार." ती बाजूला झाली. मला वाटतं मला पाहून झाली, नाहीतर हम्माचं डोकं फुटलं असतं.

लग्नाचंही तिने भलतंच खरं बोलून ठेवलं. पश्चिमेचा रस्ता कसा बंद करायचा यावर लझहरने तोडगा काढला की रस्त्यात लग्नाचा मांडव घालायचा. लग्नाच्या मांडवातून गाडी कोण नेईल? पण मे महिन्यात लग्न कुणाचंच नव्हतं. शेवटी हम्माच्या जावयालाच नवरदेव केलं, तीन मुलांचा बाप! नवरी म्हणजे त्याचीच बायको. बुरख्याआडून आम्हा सगळ्यांचा उद्धार करत बसली होती. ढोल काय, सनई काय! आणि लाल्ला ऐशतू गाडीतून उतरल्याच. म्हणाल्या, "लग्नावरून आशीर्वाद न देता पुढे जाणं आमच्यात अशुभ." आत गेल्या, नवरीच्या हातात नोट ठेवली. तेवढ्यात तिची धाकटी पोर मांडवातून धावत आली आणि "आई, आई" करत तिच्या मांडीवर चढली. लझहरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाई त्या पोरीच्या गालाला हात लावून हसल्या आणि परत फिरल्या. त्यांना काही कळलं नसावं.

रात्रीच्या जेवणाला कुसकुस, मेंढीचं मटण, आपल्याकडची भरली भाकरी. जेवणानंतर चर्चा झाली. पाण्याबद्दल विचारलं, मी उत्तर दिलं. नेहमीचंच.

निकाल जुलैअखेर. लझहर आत्तापासून पाटीला रंग लावतोय. मी मात्र थोडा थकलोय, ऊन फार आहे.

बाबा


ऐन तरफा, ३ ऑगस्ट १९९७

नझीहा,

मुख्यालय मोरोक्कोला गेलं. नगरपालिकेला पत्र आलं, लझहरने मला वाचायला लावलं, कारण फ्रेंचमधली लांब वाक्यं त्याला झेपत नाहीत. "आपले मरूद्यान सुदैवाने उत्तम स्थितीत असून, जेथे झाडे व माणसे पाण्यासाठी झगडत आहेत अशा ठिकाणी संघटनेने असावे असे समितीचे मत झाले." मोरोक्कोवाल्यांनी म्हणे समितीला पहिल्याच दिवशी मेलेल्या झाडांमधून चालवत नेलं आणि कोरड्या विहिरीच्या काठावर बसवून चहा पाजला.

वाचून झालं. मग हम्माला हसू फुटलं, आणि ते थांबेना. डोळे पुसत म्हणाला, "आपल्याकडे विहिरी काय कमी कोरड्या होत्या?"

त्याच दिवशी दुपारी तुझं पत्र मिळालं. या वेळी सही होती.

पोरी, तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मागच्या पत्रात मी "नेहमीचंच" म्हणून जे उरकलं ते आता सांगतो. समितीच्या इतिवृत्तात तू वाचलंच आहेस, पण तिथे दोन ओळी आहेत. तू त्याहून जास्त जाणून घ्यावंस.

चहा झाल्यावर लाल्ला ऐशतूंनी एक टिपण काढलं. म्हणाल्या, "आमच्या कचेरीत हे लिहिलं गेलंय. यात म्हटलंय की झरा आटलाय, पाळी बावीस दिवसांवर गेलीय, पश्चिमेची बाग मरतेय. मास्तर, तुम्ही संस्थेचे अध्यक्ष. यात खरं काय आहे?" कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. टंकलेखन होतं, पण समासात हाताने आकडे दुरुस्त केले होते. अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. लझहर, हम्मा, मशिदीचे इमाम, माझे एकतीस वर्षांचे विद्यार्थी. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे लिहिणाऱ्याने एक तर आमचं गाव पाहिलेलं नाही, नाहीतर त्याच्या मनात गावाबद्दल अढी आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "लिहिणारी इथलीच आहे, असं मला सांगितलं गेलं."

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "गाव सोडून गेलेली माणसं गावाबद्दल असंच बोलतात, बाई. ती मनावर घेऊ नका."

लोकांनी माना डोलावल्या. दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी खाली बसलो आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. गावाची अब्रू राखली असं वाटलं. रात्री घरी येऊन कंदील लावला आणि मग काय केलं ते कळलं. तरी तुला लिहिताना "नीट पार पडलं" असंच लिहिलं.

तुझं टिपण अविश्वसनीय ठरलं, आणि कायमच्या मुख्यालयात ज्यांना घ्यायचं त्या यादीतून तुझं नाव गेलं. म्हणजे मुख्यालय इथे आलं असतं तरी तू आली नसतीस. मीच तुला त्या दारातून बाहेर काढलं होतं. आणि इकडे शाळेत खोली धरून बसलो होतो.

माफी कुठल्या तोंडाने मागू? तू पत्रात एक शिवी तरी दिली असतीस. इतकं सभ्य कशाला लिहिलंस?

बाबा


ऐन तरफा, २१ सप्टेंबर १९९७

नझीहा,

सोबत लाल्ला ऐशतूंना मी लिहिलेल्या पत्राची नक्कल जोडलीय. वाच किंवा वाचू नकोस. त्यात एवढंच आहे की टिपणातला शब्द न् शब्द खरा आहे, खोटं मी बोललो, आणि ते टिपण माझ्या मुलीने लिहिलंय हे मला बोलताना माहीत होतं. पाळ्यांचं रजिस्टर सहा वर्षांचं उतरवून पाठवलं. कुणाची पाळी कधी चुकली, कुठलं झाड कधी मेलं, सगळं. हम्माने आकडे सांगितले, मी लिहिले. त्याला चार दिवस लागले. एका शब्दानेही त्याने मला टोमणा मारला नाही, आणि हम्मा गप्प बसला की फार जड जातं.

टपालात टाकण्याआधी ते पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. पाठीमागून करायचं नव्हतं. अर्ध्यावर लझहर उठला. "मास्तर, मुख्यालय गेलं ते गेलं. आता उरलेली अब्रूही पाकिटात घालून पाठवताय? आणि तिकीट कुणाच्या पैशाने लावताय, संस्थेच्या?"

मी म्हटलं, "माझ्या."

"मुलीसाठी गाव विकलंत."

"नाही रे," मी म्हटलं. "आधी गावासाठी मुलगी विकली होती."

संस्थेचा राजीनामा मी टेबलावर ठेवला. त्याने तो लगेच उचलला, वाचलादेखील नाही. आता चहाच्या दुकानात गेलो की गप्पा थांबतात. मशिदीत माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. मी तक्रार करत नाही, सांगतोय फक्त.

झोहरा मावशी मात्र घरी आली. तिची डाळिंबाची फुलं मे महिन्यात गळली ती गळलीच. यंदा एक फळ नाही. वर मुख्यालयासाठी सोडलेलं झाड तसंच उभं, खजुराने लगडलेलं, आणि ती त्याला हात लावत नाही. मी म्हटलं, "मावशी, आता मुख्यालय नाही, काही नाही. उतरवून घे आणि वीक." तर म्हणते, "सोडलं ते सोडलं. शब्द कसा परत घेऊ?" मग जाता जाता दारात थांबली. "नझीहाला कळवलंस का रे?" "काय?" मी म्हटलं. "जे कळवायचं ते," म्हणाली आणि गेली. तुझ्या आईच्या उशाशी ती शेवटचे दिवस बसली होती हे तुला माहीत नसेल.

लाल्ला ऐशतूंचं उत्तर आलंय. तुझं टिपण त्यांनी पुन्हा दफ्तरी लावायला सांगितलं. जागा मात्र भरली गेलीय. खाली त्यांनी हाताने लिहिलंय: "मांडवामागची झाडं मला दिसली होती. पाचांत मी एकटीच होते, बाकी चौघांना तुमच्या पाटातलं पाणी दिसलं. तुम्ही खरं सांगाल म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सांगितलं असतं तर माझं मत ऐन तरफाला होतं."

हे मी गावात कुणाला दाखवलेलं नाही. गावाला मी एवढा दिलासा ठेवलाय.

बाबा


ऐन तरफा, २ नोव्हेंबर १९९७

नझीहा, पोरी,

तुझं पत्र परवा आलं. आधी लिहितेस की नक्कल वाचली. मग लिहितेस की आता तुम्ही खरं लिहू शकता असं दिसतंय, म्हणून एकच विचारते, आणि उत्तर आल्यावर पुढे काही विचारणार नाही: "आईने खरंच मला बोलावू नका म्हटलं होतं का?"

दोन दिवस मी या कागदापुढे बसून आहे. बाहेर खजूर उतरवण्याची धांदल चाललीय, मला कुणी बोलावलं नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे.

नाही. तिने तसं म्हटलं नव्हतं.

ती अकरा दिवस अंथरुणाला खिळून होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "नझीहाला फोन करा." मी पोस्टात गेलो. मुनीरने नंबर फिरवण्याआधी विचारलं, "मास्तर, घरी सगळं बरं ना?" आणि मी म्हटलं, "बरंय, अल्लाची कृपा." ते म्हटल्यावर त्याच्यासमोर फोनवर तुला काय सांगणार होतो? म्हणालो, "राहू दे, उद्या लावू." घरी आलो. तिने विचारलं, "येतेय का?" मी म्हटलं, "तिला रजा मिळत नाहीये."

तुझी कायम होण्याची परीक्षा पंधरा दिवसांवर होती हे खरं आहे. तेच कारण मी स्वतःला देत राहिलो. पण ते कारण नव्हतं. तुला बोलावलं असतं तर तुझी आई आता जाणार हे मला तोंडाने म्हणावं लागलं असतं, आणि गावात मी सांगितलं होतं की तिला थोडा ताप आहे.

मग ती रोज विचारायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि मी रोज नवीन काहीतरी सांगायचो. साहेब परवानगी देत नाही. विमानाचं तिकीट नाही. पुढच्या आठवड्यात बघते म्हणाली. झोहरा मावशी सगळं ऐकत बसलेली असायची. एकदा मला अंगणात गाठून म्हणाली, "तायेब, मी लावू का फोन?" मी तिच्यावर ओरडलो. आमच्या घरातलं आम्ही बघू म्हणालो.

दहाव्या दिवशी तुझ्या आईला बोलायला त्रास होत होता. मला जवळ बोलावलं. मला वाटलं ती पुन्हा विचारेल, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिने विचारलं नाही. म्हणाली, "तिच्यावर रागावू नका हं. परका देश आहे. तिला यायचं असेल, पण नसेल जमत. मी नाही रागावले, तिला सांगा."

मी "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तू चौथ्या दिवशी दारात उभी राहिलीस, मुनीरच्या तारेवरून आलीस, आणि मला विचारलंस की मला का नाही कळवलं. तेव्हा मी म्हणालो, तिनेच मना केलं होतं.

तिचा निरोप मी साडेतीन वर्षं दिला नाही. तो दिला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून आज देतोय. तुझी आई तुझी वाट बघत गेली. मुलगी आली नाही असं समजून गेली, आणि जाताना तुला माफ करून गेली, जे तू कधी केलंच नव्हतंस त्याबद्दल.

तायेब